चौदा जीबीचा हिशेब

वाचकाचे पत्र : माझी मुलगी पणजीला वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षात शिकते. तिच्या रेंडरिंगच्या, म्हणजे इमारतीच्या मॉडेलावरून खऱ्यासारखे चित्र तयार करण्याच्या, कामासाठी आम्ही चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सवलतीत पणजीतील एका दुकानातून ७२ हजारांचा लॅपटॉप घेतला. वर्तमानपत्रासोबत आलेल्या पत्रकावर ‘आरटीएक्स ३०५०, १६ जीबी रॅम, १४ जीबी ग्राफिक्स’ असे छापलेले होते. घरी आल्यावर तिच्या वर्गमित्राने तपासून सांगितले, की ग्राफिक्सची मेमरी ४ जीबीच आहे. त्याचा ३०५० चा लॅपटॉप मात्र अधिक वेगाने चालतो. शिवाय रेंडर करायला घेतले, की प्रोग्रॅममध्ये ‘इंटेल’ असे नाव दिसते. दुकानदार म्हणतात, “३०५० सांगितले आणि ३०५०च दिले. खोके उघडल्यावर माल परत घेता येत नाही. फार तर ८ जीबी रॅम फुकट वाढवून देतो, म्हणजे ग्राफिक्स १६ जीबी होईल.” बिलावर कंपनीचे नाव, मॉडेल क्रमांक आणि किंमत एवढेच आहे. खरेदीला १२ दिवस झाले. यजमानांचे म्हणणे आहे, की रॅम घ्यावी आणि विषय मिटवावा. आमची फसवणूक झाली आहे का? आणि आता काय करावे?
— एक वाचक, फोंडा

ताई, सर्वात आधी तातडीचे सांगतो. ती फुकटची रॅम घेऊ नका. पत्रकात जो लॅपटॉप दाखवला होता तो तुम्हाला मिळालेला नाही, आणि त्याचा पुरावा तुम्ही पाठवलेल्या दोन छायाचित्रांतच आहे. दुकानदाराने हे जाणूनबुजून केले, की छपाईच्या वेळी दोन मॉडेलांची सरमिसळ झाली, हे मी घरी बसून ठरवू शकत नाही. ते ठरवण्याची तुम्हालाही गरज नाही, कारण दोन्ही प्रकारांत तुमचा हक्क तोच राहतो.

आता ती दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पाहा. पहिले पत्रकाचे आहे आणि त्यात ‘१४ जीबी ग्राफिक्स’ ही अक्षरे किमतीच्या आकड्याएवढी मोठी आहेत. दुसरे तुमच्या मुलीच्या पडद्याचे आहे. टास्क मॅनेजर (संगणकाचे चालू काम दाखवणारी विंडोजमधील खिडकी) उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये दुसऱ्या जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर, टिचकी मारल्यावर खाली तीन आकडे आले आहेत : डेडिकेटेड (कार्डाची स्वतःची) मेमरी ४.०, शेअर्ड (वाटून घेतलेली) मेमरी ७.८ आणि दोन्ही मिळून ११.८. यांतील ‘शेअर्ड’ हा आकडा ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ३०५० या चिपचा, नव्हे. विंडोज ही प्रणाली संगणकाच्या साध्या रॅमपैकी साधारण निम्मा भाग ‘गरज पडली तर ग्राफिक्सने वापरावा’ म्हणून दाखवते आणि तोच हा आकडा आहे. रॅम १६ जीबी असल्यामुळे तो आठाच्या जवळ येतो. पत्रक तयार करणाऱ्याने कार्डाची स्वतःची मेमरी आणि ही उसनी मेमरी यांची बेरीज करून तिला ‘ग्राफिक्स’ म्हटले आहे. ही बेरीजच मुळात दिशाभूल करणारी आहे. पण तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याच्या पुढची आहे : चौदातून आठ वजा केले, तर सहा उरतात. म्हणजे त्यांच्याच पद्धतीने हिशेब केला तरी पत्रकातला लॅपटॉप ६ जीबीच्या कार्डाचा होता. चारच्या कार्डाची बेरीज बारा होते, चौदा कशीही होत नाही. दुकानात बोलायला बसाल तेव्हा ‘आमची फसवणूक झाली’ येथून सुरुवात न करता या वजाबाकीपासून करा, कारण तिच्यावर वाद घालायला जागा नाही.

८ जीबी रॅम वाढवली की ग्राफिक्स १६ जीबी होईल, हे त्यांचे म्हणणेही याच बेरजेतून आलेले आहे. रॅम २४ जीबी झाली की तिचा निम्मा भाग १२ होतो, त्यात कार्डाचे ४ मिळवले की १६. पडद्यावरचा आकडा खरोखरच तेवढा दिसेल, आणि म्हणूनच हा देकार भुलवणारा आहे. कार्डाच्या आतली मेमरी चार जीबीच राहील. स्वयंपाक करताना ओट्यावर हाताशी असलेले जिन्नस आणि माडीवरच्या कोठीतले जिन्नस यांत जो फरक, तोच या दोन मेमरींत आहे. या वर्गातल्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला दीडशे ते दोनशे जीबीच्या आसपास माहिती देऊ शकते. तीच माहिती साध्या रॅममधून आणायची, तर ती पीसीआय एक्सप्रेस या संगणकाचे भाग जोडणाऱ्या आतल्या मार्गाने यावी लागते, आणि या चिपला मिळणाऱ्या चौथ्या पिढीच्या आठ मार्गिकांतून एका दिशेने सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १६ जीबीच येऊ शकतात. इमारतीचे मॉडेल, झाडे, दगडाचे आणि लाकडाचे पोत मिळून चार जीबीच्या बाहेर गेले, की चित्र अडखळू लागते, आणि काही प्रोग्रॅम मेमरी संपल्याचा निरोप देऊन सरळ बंद पडतात. कोठी मोठी करून ओटा मोठा होत नाही.

‘३०५० सांगितले आणि ३०५०च दिले’ हे वाक्य दुकानदार कदाचित प्रामाणिकपणे बोलत असतील, पण ते अपुरे आहे. लॅपटॉपसाठीची आरटीएक्स ३०५० ही एकच वस्तू नाही. २०२१ मध्ये आलेल्या ४ जीबीच्या चिपमध्ये २०४८ गणनकोर (हिशेब करणारे छोटे घटक) आहेत. २०२३ मध्ये त्याच नावाने आलेल्या ६ जीबीच्या चिपमध्ये २५६० आहेत. जुन्या चिपचा मेमरीकडे जाणारा रस्ता १२८ बिटांचा, तर नवीचा ९६ बिटांचा आहे, म्हणजे नवी चिप प्रत्येक रकान्यात सरस आहे असेही नाही, आणि हे दुकानदारांनी पुढे केले तर ते खरेच आहे म्हणून मान्य करावे. परंतु तुमच्या मुलीच्या कामात आधी मेमरीत किती मावते हे पाहिले जाते आणि वेगाचा प्रश्न त्यानंतर येतो. तिच्यासाठी ६ जीबी आणि ४ जीबी यांतील फरक हा काम पूर्ण होणे आणि अर्ध्यावर अडकणे यांतील फरक ठरू शकतो. शिवाय पत्रकात बेरजेच्या रूपाने का होईना, सहाच सांगितले होते.

एका नावाखाली दोन वस्तू विकण्याची ही सवय या धंद्यात जुनी आहे, आणि तिची झळ नेहमी घाईने किंवा भरवशाने खरेदी करणाऱ्यालाच लागते. २०१४ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स ९७० हे डेस्कटॉपचे कार्ड ४ जीबीचे म्हणून बाजारात आणले. त्यातील साडेतीन जीबीच पूर्ण वेगाने चालते आणि उरलेली अर्धी जीबी फार मंद आहे, हे पुढच्या वर्षी उघड झाले. अमेरिकेत ग्राहकांनी सामुदायिक दावा केला आणि २०१६ मध्ये प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. २०१८ मध्ये जीटी १०३० या स्वस्त कार्डाची दुसरी आवृत्ती आली. नाव तेच होते, पण मेमरी ग्राफिक्ससाठीच्या वेगवान जीडीडीआर५ ऐवजी साधी डीडीआर४ होती आणि तिचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ जीबीच्या खाली आला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये मात्र टीका इतकी झाली, की जाहीर केलेले आरटीएक्स ४०८० चे १२ जीबीचे कार्ड कंपनीला बाजारात येण्याआधीच मागे घ्यावे लागले, कारण १६ जीबीच्या त्याच नावाच्या कार्डापेक्षा ती चिपच वेगळी आणि कमी ताकदीची होती. ही उदाहरणे देण्याचे कारण एवढेच, की ‘नाव तेच आहे ना’ हे उत्तर जगात इतरत्रही ग्राहकांनी स्वीकारलेले नाही, तुम्हीही स्वीकारू नये.

वर्गमित्राचा ३०५० चा लॅपटॉप अधिक वेगाने चालतो, असे तुम्ही पत्रात ओझरते लिहिले आहे. त्याचे कारण वॉट हे असू शकते. ४ जीबीच्या याच चिपला ३५ ते ८० वॉट यांच्या दरम्यान कितीही वीज देण्याची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला असते. पातळ, हलक्या लॅपटॉपात ती कमी दिली जाते आणि चिप त्या प्रमाणात मंद चालते. पूर्वी कमी विजेच्या चिपांच्या नावापुढे ‘मॅक्स-क्यू’ असे लावले जात असे, त्यामुळे निदान नावावरून अंदाज यायचा. २०२१ पासून तेही नावातून गेले. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडले, तर जास्तीत जास्त किती वॉट मिळतात ते लिहिलेले असते. तुमच्या पत्रकात वॉटचा उल्लेखच नाही. त्यामुळे या मुद्द्यावर तक्रार उभी राहत नाही, आणि ती करून मूळ तक्रार सैल करू नये.

इंटेलचे नाव दिसते, ही तुमची दुसरी काळजी. तिच्यासाठी दुकानदाराला दोष देऊ नका. अशा लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिपा असतात. एक प्रोसेसरमध्येच असलेली इंटेलची, वीज वाचवणारी, आणि दुसरी एनव्हिडियाची. विंडोज कधी कधी चुकीची निवडते. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, त्यात ‘डिस्प्ले’ आणि त्यात ‘ग्राफिक्स’ येथे जाऊन रेंडरिंगचा प्रोग्रॅम यादीत घ्यावा आणि त्याच्यासाठी ‘हाय परफॉर्मन्स’ हा पर्याय निवडावा, मग प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा. काम करताना चार्जर लावलेला असावा, कारण बॅटरीवर दुसऱ्या चिपचा वेग पुष्कळ उतरतो. एवढ्याने हा भाग सुटायला हवा.

मागच्या वर्षी भाच्यासाठी लॅपटॉप घ्यायला मी म्हापशाच्या एका दुकानात गेलो होतो. मांडलेल्या लॅपटॉपवर ग्राफिक्सच्या कंपनीचा हिरवा स्टिकर होता आणि शेजारच्या पुठ्ठ्यावर ‘८ जीबी ग्राफिक्स’ असे हाताने लिहिलेले होते. मी विक्रेत्या मुलाला टास्क मॅनेजर उघडायला सांगितले. त्याने आनंदाने उघडला, आणि डेडिकेटेडच्या पुढे ४ हा आकडा पाहून तो माझ्याइतकाच गोंधळला. “आम्हाला मालकाने जसे लिहून दिले तसे आम्ही लिहिले,” असे तो म्हणाला, आणि माझा त्याच्यावर विश्वास बसला. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच विनंती करतो : पैसे देण्यापूर्वी बिलावर ‘आरटीएक्स अमुक, इतके जीबी डेडिकेटेड’ हे शब्द लिहून घ्या. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो लिहून देतो. जो कुरकुर करतो, त्याच्याकडून ७२ हजारांची वस्तू घेण्याचे कारण नाही.

तुमच्या बिलावर तसे लिहिलेले नाही, परंतु मॉडेल क्रमांक आहे, आणि तो पुष्कळ आहे. एकाच नावाचा लॅपटॉप कंपन्या अनेक रचनांत विकतात, आणि शेवटच्या दोनतीन अक्षरांवरून कोणत्या रचनेत काय आहे ते कळते. बिलावरचा क्रमांक, खोक्यावरचा क्रमांक आणि लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलावरचा क्रमांक तंतोतंत एकच आहे का, हे एकेक अक्षर लावून पाहा. अनुक्रमांकही तसाच ताडून पाहा. तिन्ही ठिकाणी एकच क्रमांक असेल आणि खोक्यावर ४ जीबी छापलेले असेल, तर उत्पादकाने योग्य माल पाठवला आहे आणि चूक दुकानाच्या पत्रकाची आहे. खोक्यावर ६ आणि आत ४ असेल, तर प्रकरण अधिक गंभीर आहे. मग दुकानाबरोबर उत्पादक कंपनीलाही लेखी कळवावे. क्रमांकच जुळत नसतील, तर लॅपटॉप आणखी वापरू नका आणि त्याच दिवशी दुकानात जा.

यानंतर दुकानाला एक पत्र लिहा. फोनवरचे बोलणे हवेत विरते, म्हणून पत्रच लिहा, ईमेलने पाठवा आणि एक प्रत पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही पाठवा. पत्र लांबलचक नको. अमुक तारखेला अमुक बिलाने घेतलेल्या लॅपटॉपसाठी आपण छापलेल्या पत्रकात १६ जीबी रॅमसह १४ जीबी ग्राफिक्स असल्याचे सांगितले होते, प्रत्यक्षात डेडिकेटेड मेमरी ४ जीबी आहे, तरी १५ दिवसांत ६ जीबी डेडिकेटेड मेमरीचा लॅपटॉप बदलून द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी, एवढे पुरे. सोबत पत्रकाची आणि पडद्याची छायाचित्रे जोडा. मूळ पत्रक मात्र कोणालाही देऊ नका.

बिलाखाली ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले असेल, तर त्याने घाबरून जाऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे. वस्तू मोडकी असणे एवढाच त्याचा अर्थ नाही. व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्यापेक्षा वस्तूचा दर्जा किंवा प्रमाण कमी असेल, तरी तो दोषच ठरतो, आणि छापील पत्रक हा दावाच आहे. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे ही याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. तुमचे १२ दिवस झाले आहेत, म्हणून या आठवड्यातच पत्र जायला हवे. (ऑनलाइन खरेदी करणाऱ्या वाचकांसाठी : जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये वस्तूत नसतील, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही, असे २०२० च्या ई-वाणिज्य नियमांत स्पष्ट लिहिले आहे.)

पत्राला उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणे तेथेच मध्यस्थीने मिटतात. तेथेही झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात असल्यामुळे तुम्ही मडगावच्या दक्षिण गोवा आयोगाकडे तक्रार करू शकता. दुकान पणजीत आहे म्हणून तुम्हाला उत्तर गोव्यातच जावे लागेल, असे नाही. तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार करण्याची सोय या कायद्याने केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते आणि त्यासाठी २ वर्षांची मुदत आहे. निकाल ३ महिन्यांत द्यावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अधिक वेळ लागू शकतो, हे धरूनच चालावे.

यजमानांच्या म्हणण्यामागची भावना मला समजते. फोंड्याहून पणजीला खेटे घालायचे, दुकानदाराशी वाद घालायचा, आणि तोही सणाच्या दिवसांत, हे कोणाला आवडेल? रॅमची पट्टी घेऊन मोकळे व्हावे असे वाटणे साहजिक आहे. पण दोन गोष्टी त्यांच्या कानावर घाला. एक, लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप आणि तिची मेमरी मुख्य पटलावर झाळलेली असते, त्यामुळे आज ४ जीबी स्वीकारली तर पुढे कितीही पैसे खर्च केले तरी ती ६ होणार नाही. रॅम मात्र या लॅपटॉपात पुढेही वाढवता येईल. दोन, फुकटची रॅम घेताना ‘तक्रार मिटली’ अशा कागदावर सही मागितली जाऊ शकते, आणि ती केलीत तर वर लिहिलेला सगळा आधार तुम्ही स्वतःच्या हाताने सोडून द्याल. वास्तुकलेचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे. मुलीची सर्वात जड कामे अजून पुढेच आहेत.

तडजोड करायचीच असेल, तर ती योग्य वस्तूवर करावी. ६ जीबीचे मॉडेल शिल्लक नसल्याचे दुकानदार म्हणाले, तर त्याच किमतीत दुसऱ्या कंपनीचा ६ जीबी डेडिकेटेड मेमरीचा लॅपटॉप चालेल असे सांगा. थोडा फरक भरून आरटीएक्स ४०५० मिळत असेल, तर तोही विचार करण्यासारखा आहे, कारण लॅपटॉपच्या त्या चिपला ६ जीबीच मेमरी असते आणि तिच्यात ४ आणि ६ असा घोळ नाही. मात्र आधीच्या लॅपटॉपची पूर्ण किंमत वळती करून घ्या, ‘वापरलेला’ म्हणून वजावट मान्य करू नका.

तोवर मुलीने सादरीकरणाचे काम अडवून ठेवू नये. रेंडर करताना पोतांचा आकार निम्म्यावर आणावा, झाडे आणि फर्निचर जड मॉडेलांऐवजी हलक्या मॉडेलांत घ्यावे, आणि शक्य तेथे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील संगणक वापरावा. लॅपटॉपवरचे स्टिकर काढू नयेत, त्याच्यावर ओरखडा येऊ देऊ नये आणि विंडोज नव्याने बसवू नये. खोके, आतला थर्माकोल आणि चार्जरची पिशवी हे सगळे एकत्र बांधून ठेवा. चवथीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळापानांची आरास) उतरवून घर आवरायला घेतले, की रिकामी खोकी आधी बाहेर जातात, म्हणून खोक्यावरच्या लेबलाचे छायाचित्र आजच काढा.